माझे किलोमीटर, मामांचे पाय

गेल्या श्रावणात मी दोन आठवड्यांत शहाऐंशी किलोमीटर पळालो, आणि त्यातलं एकही पाऊल माझं नव्हतं.

हिंगोलीत आमचा सात जणांचा पळणाऱ्यांचा गट आहे. सगळ्यांची वयं पंचेचाळीसच्या पुढं आणि पोटं वयाच्याही पुढं. गटाचे म्होरके काळे सर, निवृत्त खेळशिक्षक. शाळा सुटली तरी सरांची शिट्टी सुटलेली नाही. त्यांचा नियम असा की दर रविवारी सकाळी प्रत्येकानं मोबाईलवरच्या ग्रुपात आठवड्याचा अहवाल टाकायचा. किती पळालो आणि काय दुखतंय.

यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं! 'बत्तीस किलोमीटर, उजवी पोटरी धरली' असं तलाठी संगीताताई लिहायच्या, की लगेच सर लिहायचे, 'चाळीस, अंगठ्याचं नख गेलं.' नख गेल्याचं अभिनंदन व्हायचं. काहीच न दुखणाऱ्या माणसाकडं आमच्यात जरा संशयानं बघतात.

मी तसा मधल्या फळीतला. सलग चौदा आठवडे माझा अहवाल चुकला नव्हता. आणि पंधराव्या आठवड्यात माझा डावा गुडघा गेला. पळताना गेला असता तर मानानं सांगता आलं असतं. तो गेला कचेरीत, खालच्या कप्प्यातली फाईल काढताना. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे पळणं बंद. चालणंसुद्धा बेतानं."

आता फाईल काढताना गुडघा गेला, हे ग्रुपात कोणत्या तोंडानं लिहायचं?

त्याच सुमारास सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आम्ही नवराबायको तीन आठवडे गोरेगावला सासुरवाडीला राहायला गेलो. मी तिथून जीपनं हिंगोलीला कचेरीत ये-जा करायचो. पहिल्याच दिवशी सकाळी माझं लक्ष मामांकडं गेलं. मामा म्हणजे माझे सासरे. वय एकाहत्तर, अंगात सदरा-धोतर, चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागतं. शेत तीन किलोमीटरवर. रोज उजाडता जायचं, नऊला परत. झाले सहा किलोमीटर!

मी मनगटावरचं घड्याळ काढलं. हे घड्याळ साधं नव्हतं. त्यात सिम होतं, ते पावलं मोजायचं, नाडी मोजायचं, आपण कुठं आहोत ते ग्रुपातल्या सगळ्यांना नकाशावर दाखवायचं. आणि घालणारा माणूस जोरात पडला, तर आपोआप दोघांना संदेश पाठवायचं. माझ्या घड्याळात ती दोन नावं होती. बायको वर्षा आणि काळे सर.

"मामा, शेतात जाताना हे घालत जा," मी म्हणालो. "तब्येतीला चांगलं असतंय."

मामांचे डोळे भरून आले. "जावईबापू, माझ्या तब्येतीची एवढी काळजी पोटच्या पोरानं केली नसती!" असं म्हणून त्यांनी ते घड्याळ निम्म्या गावाला दाखवलं. (मला लाज वाटली का? वाटली. पण सहा किलोमीटरसमोर किती वेळ टिकणार!)

पहिल्या आठवड्यात बेचाळीस झाले, दुसऱ्यात चव्वेचाळीस. मी अहवालात 'गुडघा किंचित कुरकुरतोय' एवढं चवीपुरतं टाकत होतो. पण घोटाळा केला तो मामांच्या नाडीनं. माणूस जन्मभर ढेकळं तुडवलेला. भराभर चालतानाही त्यांची नाडी नव्वद-एक्याण्णवच्या वर जाईना. काळे सरांनी आकडे बघितले आणि ग्रुपात लिहिलं, 'पळताना नाडी फक्त एक्याण्णव! प्रमोद योगी झाला आहे. सर्वांनी शिकावं.'

मी नम्रपणे हात जोडल्याचं चित्र टाकलं. तिथंच थांबायला पाहिजे होतं.

तिसरा आठवडा लागला त्याच रविवारी सकाळी सहाला सरांचा फोन आला. "प्रमोद, आम्ही गोरेगावला येऊन राहिलो! मी आन संगीताताई. जीपमध्येच हाओत. आज तुझ्याबराबर पळायचं. तुझा श्वास कसा चालतो ते बघायचं हाय मला."

मी अंथरुणात होतो. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधलेली.

"सर, मी... मी तर निघालो बी," मी म्हणालो, आणि खरं वाटावं म्हणून जरा धापा टाकल्या.

"काही हरकत न्हाई! नकाशावर दिसून राहिला तू. मागून गाठतो!"

म्हणजे पुढं माझे सासरे, मागून काळे सर! मी मनातल्या मनात म्हणालो, मामा, आज जरा पाय उचला. मामा शेतात पोहोचून कामाला लागले, म्हणजे 'माझं पळणं संपलं, मी दुसऱ्या वाटेनं घरी आलो' असं काहीतरी सांगता येईल. तोवर वर्षानं न्याहारीला सुशीला केलं होतं. चुरमुऱ्यांची पहिली चिमूट मी तोंडात टाकली, तेवढ्यात ती आतून हातात मोबाईल घेऊन आली. चेहरा पांढरा.

"अवो, तुमी पडलाव."

"मी? मी तर बसलोय."

"मग हे काय हाय?" तिनं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. 'प्रमोद जोरात पडले आहेत. हालचाल दिसत नाही. मदत पाठवा.' खाली नकाशा, आणि नकाशावर लाल ठिपका. ठिपका शेतात नव्हता. शेताच्या अलीकडं, ओढ्यावर होता.

मी बशी खाली ठेवली. रात्रभर पावसाची झड लागलेली होती. ओढा भरून चालला असणार.

"घड्याळ कुठं हाय तुमचं?" वर्षा म्हणाली.

मी रिकामा हात पुढं केला. ती माझ्या मनगटाकडं बघत राहिली. मग तिला आठवलं, घड्याळ बापाच्या हातात होतं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती चप्पल शोधायला लागली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"कोण पडलं गं?" आतल्या खोलीतून मामींचा आवाज आला. डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यामुळं त्यांचे कान दुप्पट चालत होते.

"कोणी न्हाई, माय. भांडं पडलं."

"भांड्याचा आवाज न्हाई आला तो!"

मी मामांना फोन लावला. तो देवघराशेजारी चार्जिंगला लावलेला होता, तिथंच वाजला. मग मला आठवलं, घड्याळावरही फोन लागतो! लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट.

"कट करून राहिले!" वर्षाच्या तोंडावर जरा रंग आला. "म्हंजे शुद्धीवर हायत! लावा, आजून लावा!"

तिसऱ्यांदा लावला. वाजत राहिला. वाजत राहिला, आणि आपोआप बंद झाला. कोणीच कट केला नाही.

आम्ही दोघं घराबाहेर पडलो. शेजाऱ्यांची मोटारसायकल गल्लीच्या टोकापर्यंत गेली. पुढं काळ्या मातीची वाट. मागच्या चाकानं दोन गरके घेतले आणि ते चिखलात बसलं. वर्षा उतरून पळायला लागली. पायात साधी चप्पल, एका हातात साडीच्या निऱ्या, आणि वेग असा की आमच्या गटात तो आजवर कोणाला जमलेला नाही. मी मागून लंगडत. एकेका पायाला दोन-दोन किलो चिखल. गुडघा प्रत्येक पावलाला ओरडून राहिला होता, पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

"वर्षा, थांब जरा!"

"तुमी या मागून!" ती मागं न बघता म्हणाली. "आलाव तरी चालंल, न्हाई आलाव तरी चालंल!"

तेवढ्यात सरांचा फोन आला. "प्रमोद! अरे बोलतोयस तू? देवाची कृपा! आम्हाला संदेश आला तू पडलास म्हून. तुझी नाडी एकशे अडतीस झालीय! घाबरू नको, आम्ही जवळ आलो, पण इथं वाट फुटलीय. डावीकडं बाभळी, उजवीकडं विहीर. तू कुठं पडलास?"

एक क्षण, खरं सांगतो, एक क्षण माझ्या मनात आलं की नुसतं 'डावीकडं' म्हणावं. पण मग सर तिथं एका पळणाऱ्या, चड्डीतल्या, शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला शोधत बसले असते.

"सर," मी म्हणालो, "तो मी न्हाई."

"काय?"

"घड्याळ माझ्या सासऱ्यांच्या हातात हाय. एकाहत्तर वर्षांचे हायत. धोतर, पांढरा सदरा. डावीकडून जा, बाभळी संपल्या की ओढा. लवकर जा सर."

पलीकडं फक्त धापा ऐकू येत होत्या. मग सर म्हणाले, "म्हणजे ती एक्याण्णव नाडी..."

"त्यांचीच, सर."

"नंतर बोलू," सर म्हणाले, आणि त्यांची शिट्टी ऐकू आली. संगीताताईंना वळवायला वाजवली असावी.

मी ओढ्यावर पोहोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. झालं ते मला संगीताताईंनी सांगितलं. ओढ्यातल्या दगडावरून मामांचा पाय घसरला, घोटा मुरगळला, आणि ते काठाला पाण्यात पडले. पाणी कमरेएवढं, पण ओढ चांगली. मामांनी करंजाची एक मुळी धरली. एका हातानं मुळी, दुसऱ्या हातानं माझा फोन कट करणं! ("ते सारखं किरकिर करून राहिलं होतं, म्हून मी त्याचं तोंड दाबलं," असं मामा नंतर म्हणाले.) मग पाण्याचा लोट वाढला, दोन्ही हात मुळीला लागले, आणि घड्याळ वाजत राहिलं.

अशात त्यांना दिसलं काय, तर अर्ध्या चड्डीतला एक पांढऱ्या केसांचा माणूस आणि लाल बुटांतली एक बाई, दोघं शिट्टी वाजवत त्यांच्याकडंच पळत येतायत, आणि सवयीनं 'प्रमोद! प्रमोद!' ओरडतायत.

"मला वाटलं, जावयानं काहीतरी भानगड केली," मामा म्हणाले. (ते बरोबरच होतं.) "मी वरडून सांगितलं, तो घरी हाय, झोपेल हाय!"

सरांनी पाण्यात उतरून मामांना धरलं, संगीताताईंनी ओढणी टाकली, आणि वर्षा पोहोचली तेव्हा तिघं चिखलात बसले होते. वर्षा बापाच्या गळ्यात पडून रडायला लागली. मामा थरथरत होते, ओठ निळे पडले होते, आणि तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणत होते, "आगं, काही झालं न्हाई लेकरा. घड्याळ बी चालू हाय बघ."

मी ते वाक्य ऐकलं आणि वितळून गेलो. म्हटलं, आता पाय धरावेत. उतारावरून घाईनं खाली निघालो, आणि ज्या दगडावरून मामा घसरले होते त्याच्याच शेजारच्या दगडावरून मी घसरलो! गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला आणि मी मामांच्या पायाशी आडवा. पाय धरणं राहिलं, पण नमस्कार पुरा साष्टांग झाला.

"मामा, मला माफ करा," मी चिखलातूनच म्हणालो. "घड्याळ तुमच्या तब्येतीसाठी नव्हतं. माझ्या आकड्यांसाठी होतं."

मामांनी घड्याळावरचा चिखल धोतरानं पुसला. मला वाटलं, आता बोलतील ते जन्मभर पुरेल.

"म्हंजे मी चालायचो आन नाव तुमचं व्हायचं?"

"व्हय, मामा."

"किती झालं?"

"शहाऐंशी. आजचे सोडून."

"शहाऐंशी!" मामा सरांकडं वळले. "जमतं का हो मास्तर, एवढं तुमच्यातल्या कोणाला?"

सर उठून उभे राहिले आणि त्यांनी मामांना हात जोडले. माझ्याकडं बघून ते फक्त एवढंच म्हणाले, "तू उद्यापासून यांच्या मागं चालायचं. जमलं तर."

परतताना सर आणि संगीताताईंनी हातांची खुर्ची करून मामांना त्यावर बसवलं. मला कोणी विचारलं नाही. मी वर्षाच्या खांद्यावर भार टाकून एका पायावर उड्या मारत आलो, आणि ती वाटभर एक शब्द बोलली नाही. जीपमध्ये बसल्यावर बोलली. दवाखाना सेनगावला, तिथं पोहोचेपर्यंत बोलत होती.

दवाखान्यात चाकाची खुर्ची एकच होती. दारातल्या सिस्टरबाईंनी आमच्याकडं एक नजर टाकली. मामा एका पायावर, पण ताठ उभे. मी डोक्यापासून पायापर्यंत चिखल, तोंड वाकडं, भिंतीला टेकलेला. त्यांनी खुर्ची सरळ माझ्या मागं लावली आणि मला त्यात दाबून बसवलं.

"अवो बाई, पेशंट मी न्हाई, हे—"

"गप बसा काका, बोलू नका, दम लागंल." मग मामांच्या हातात कागद देत त्या म्हणाल्या, "तुमी नातेवाईक ना? इथं सही करा. आन यांना उन्हापावसात असं एकटं बाहेर सोडत जाऊ नका. वय झालंय त्यांचं."

मामांनी सही केली, सुजलेला पाय उचलून धरला, दोन्ही हातांनी खुर्चीच्या मुठी पकडल्या आणि एका पायावर उड्या मारत मला आत ढकलत नेलं.