मोबाईल उभा धरून लावलेलं कुंकू

"ताई, एकदा परत करू. मघाशी मोबाईल आडवा होता."

शूटिंग करणाऱ्या बाई हसत म्हणाल्या. कुंकू लावणाऱ्या मॅडमनी ओला रुमाल घेतला आणि माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं. परत लावायचं होतं ना, म्हणून. नवरा गेला तेव्हा सासूनं पुसलं होतं. हे दुसऱ्यांदा. भरल्या हॉलमध्ये, सगळ्या बायकांसमोर.

"आणि मघासारखंच रडा हं. छान आलं होतं," मॅडम म्हणाल्या.

मी रडले. हे सांगताना अजून जीभ अडखळते. पहिलं रडणं माझं होतं. दुसरं मी त्यांना करून दिलं.

पिपरी मेघेतल्या एका मोठ्या कॉलनीच्या गेटजवळ मी भाजी विकायचे. शेत हिंगणीकडं, दीड एकर. वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. सकाळच्या गाडीनं यायचं आणि गेटच्या भिंतीला पोतं अंथरायचं. मॅडम त्या कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. संक्रांतीच्या आधी वांगी निवडता निवडता म्हणाल्या, "यंदा आम्ही विधवा बायकांनाही हळदीकुंकवाला बोलावतोय. तुम्ही यायचंच."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नवरा शेतातल्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत एकाही बाईनं संक्रांतीला बोलावलं नव्हतं. तिळगूळ देतात, पण दारातूनच. मी पेटीतली निळी साडी काढली. आरशासमोर दोनदा उभी राहिले.

हॉलच्या दारात रजिस्टर होतं. नाव, गाव, वय, मोबाईल नंबर. पुढं 'विधवा' असा रकाना, त्यात खूण करायची. लिहिल्याशिवाय वाण नाही. वाण म्हणजे स्टीलचा डबा. मला वाटलं, लग्नात आहेर लिहून घेतात तसं असेल, कोणाला दिलं कोणाचं राहिलं ते कळायला. मी नंबर लिहिला, सही ठोकली. या नंबराचं तुम्ही काय करणार, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. सुचलं असतं तरी विचारलं नसतं.

तिसऱ्या दिवशी माझी मुलगी शाळेतून आली ती दप्तर फेकतच. दहावीत आहे ती.

"आई, तू काऊन रडून राह्यली त्या व्हिडिओत? साऱ्या वर्गाच्या मोबाईलवर हाय तू."

तिनं दाखवलं. मॅडमचं पेज. मागं रडकं गाणं. मॅडम कुंकू लावताहेत, मी रडतेय. दुसऱ्या वेळचं रडणं. खाली माझं पूर्ण नाव, गाव, 'निराधार विधवा', आणि मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी माझा मोबाईल नंबर. निराधार म्हणे! दीड एकर मी एकटी पिकवते. भाजी पिकवते, विकते, लेक शिकवते. रजिस्टरात त्याला रकाना नव्हता.

मग फोन सुरू झाले. "एकट्याच राहता का?" "पोरगी केवढी हाय?" बसमध्ये, शेतात, गिऱ्हाईकासमोर. एक जण तर काहीच बोलायचा नाही, नुसता श्वास ऐकवायचा. फोन बंद ठेवावा तर भाजीच्या ऑर्डरी त्याच नंबरावर. दीर अंगणात येऊन ओरडला, "आमी मेलतो काय? जगासमोर रडाले गेलती!" मुलीनं शाळेत जाणं बंद केलं. परीक्षा तोंडावर आलेली, आणि पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली. मला जेवण जाईना. चार लोक हसले की वाटायचं, मलाच हसले.

शेवटी मॅडमच्या घरी गेले. त्या सोफ्यावर बसलेल्या, मी दाराशी उभी.

"मॅडम, थो व्हिडिओ काढून टाका."

"अहो, लोक किती कौतुक करताहेत! कमेंट तरी वाचा."

"मले घाण घाण फोन येऊन राह्यले. पोरगी शाळेत जात नाई."

"असतात चार टवाळ. ब्लॉक करा त्यांना. आणि सही तुम्हीच केली आहे. दुसऱ्यांदा तर रडूनही तुम्हीच दिलंत."

हे वर्मी लागलं. कारण खरं होतं. मॅडम म्हणतात म्हणजे करायचं, ही माझी सवय. त्या कुंकू पुसायला आल्या तेव्हा मीच कपाळ पुढं केलं होतं. मला त्यांचा राग आला, त्याहून माझा आला. तिथंच, त्या दारात, मान वर झाली.

"सही डब्यासाठी केलती मॅडम. माहं तोंड जगाले वाटाले नाई केलती."

मॅडमचा आवाज बदलला. "गेटजवळ कोणाच्या परवानगीनं बसता, विसरलात वाटतं."

"नाई विसरली. उद्यापासून नाई बसत. पन व्हिडिओ काढा."

त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोतं रस्त्यापलीकडं, उन्हात अंथरलं. गिऱ्हाईक निम्मंही येत नाही. त्या व्हिडिओत माझ्यामागं रांगेत दिसणाऱ्या बाकीच्या विधवा बायकांकडं गेले. "जाऊ दे वं माय, मोठ्या लोकाईशी कोन भांडते," असंच बहुतेकींनी म्हटलं. एक म्हातारी मात्र दचकली. "मी मोबाईलमंदी हाओ? मले तं कोनी सांगतलंच नाई!" मुलीनं लिहिलेल्या अर्जावर माझ्या सहीशेजारी तिनं अंगठा उमटवला.

अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या माणसानं तो उलटापालटा केला. "शिवी नाही, वाईट काही नाही. कुंकूच लावलं ना? मग तक्रार कशाची?"

"मले न विचारता माहा नंबर साऱ्याईले देल्ला, त्याची."

"साहेब आल्यावर या."

अर्ज मिळाल्याची पोच दिली नाही. काल मॅडमचा निरोप आला, की नंबर काढते, व्हिडिओ राहू द्या, अर्ज मागं घ्या. मी नाही म्हटलं. ज्यांनी व्हिडिओ उतरवून घेतला त्यांच्या मोबाईलमधून तो आता जाणार नाही, हे मुलीनं मला समजावलंय. मला कळलंय ते. पण मॅडमच्या पेजवर माझं तोंड माझ्या मर्जीशिवाय राहणार नाही. सोमवारी भाजी लावणार नाही. ठाण्यात जाऊन बसणार. हातात पोच येईपर्यंत उठणार नाही.