टरबुजानंतरचा कागद

टरबूज काढून झालं की आमच्या शिरपूरकडच्या वावरांत कापसाची घाई सुरू होते. वाफ्यांवर अंथरलेला चंदेरी मल्चिंग पेपर, म्हणायला कागद पण असतो प्लॅस्टिकचाच, तोवर उन्हानं पार कडकलेला असतो. तो उचलत बसायला कुणाला वेळ नसतो. ठिबकच्या नळ्या तेवढ्या गुंडाळायच्या आणि कागदावरूनच ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर फिरवायचा, मातीबरोबर कागदाचेही कपटे होतात. आमच्याकडेही हेच चाललं होतं.

यंदा उन्हाळ्यात विहीर खाली गेली, तळाचं पाणी येऊ लागलं आणि हंड्यावरच्या फडक्यात चंदेरी कपटे दिसले. नखाएवढे, काही त्याहून बारीक. विहीर नाल्याच्या काठाला आहे. पावसात नाला फुगला की पाणी सरळ आत उतरतं. फडक्यानं अडवलं ते दिसलं, त्यातून गेलं ते माझी लेक पीत होती. पेपरात मायक्रोप्लास्टिकबद्दल वाचलं तेव्हा ते मला समुद्राकडच्या लोकांचं दुखणं वाटलं होतं. आता भयंकर राग आला, आणि राग आला की मी कामाला लागते.

सासरे भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन बांधावर हजर झाले, तेव्हा मी आडवी उभी राहिले.

"आबा, कागद काढाशिवाय ट्रॅक्टर वावरमा येवाव नही."

"बठ्ठं गाव रोटावेटर फिरावस. तुलेच काय सुचनं?" आबांनी सगळ्या गावाचा दाखला दिला.

"या इहीरनं पानी मनी पोर पेस, आबा."

आबा ट्रॅक्टरवाल्यावर खेकसले, माझ्यावर नाही. एवढा मान त्यांनी सुनेचा राखला. ट्रॅक्टर माघारी गेला.

कोरडा कागद ओढला की नुसते तुकडे हातात येतात. म्हणून आधी ठिबकचं पाणी सोडून वाफे ओले केले, मग कडेची माती सैल करत कागद गुंडाळत गेले. नवरा दुसऱ्या टोकाला होता, कुरकुरत का होईना. निसटलेले कपटे मी पाटीत वेचले. रस्त्यानं जाणाऱ्या बायका हसायच्या, "वावर झाडस का घर झाडस, माय?" मी म्हणायचे, दोन्ही. हाताची सालटी निघाली, कापूस मागे पडला, पण रान स्वच्छ झालं.

शेवटचा वाफा झाला त्याच दिवशी वरच्या अंगाला रोटाव्हेटरचा आवाज आला. शेजारच्या भाऊंचं वावर त्याच नाल्याला लागून आहे, आणि नाला तिथून खाली आमच्याच विहिरीकडे येतो. यंत्रामागे चंदेरी तुकडे उडताना दिसत होते. क्षणभर रडूच आलं. मग डोळे पुसले आणि तशीच चिखलाच्या पायांनी वर गेले.

"भाऊ, ट्रॅक्टर थांबाडा. तुमना कागद मी काढस."

भाऊ ट्रॅक्टर बंद करून खाली उतरले. मागून आबा धापा टाकत आले होते.

"कितलास्ना कागद काढशी तू?"

"नालाले जितला वावर लागतस, तितलास्ना."