भाईंनी वाजवलेली गावं

हे सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच तर उठून पेटीचा भाता तपासत बसायचो. आता मला सत्त्याहत्तरावं चालू आहे, आणि ज्यांच्याविषयी सांगायचं ते भाई गेल्या हिवाळ्यात गेले.

परळीत माझा संगीताचा वर्ग होता. समोरच भाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. नवी तार भरून मोटार चालू केली की ते डोळे मिटून ऐकायचे आणि बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचे. भंगारातून आणलेला एक सिंथेसायझर त्यांनी असाच कानाने दुरुस्त केला, त्याला फिरवायची चार बटणं जादा बसवली आणि त्यावर ते गावं वाजवू लागले. गाणी नव्हेत. कुठेच नसलेली गावं.

"ह्ये मिठाचं बंदर हाय, गुरुजी. हितं पाऊस खालून वर पडतो. आयका."

भाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. परभणीच्या पुढे ते फारसे गेलेच नव्हते.

दुपारी माझा वर्ग रिकामा असे. मी त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. औष्णिक केंद्राची राख पट्ट्यांवर बसू नये म्हणून ते वाद्यावर जुनी ओढणी टाकून ठेवत. ती बाजूला करायची, डाव्या हाताने सूर धरायचा, उजव्याने बटण केसभर फिरवायचं. मग तोच सूर ओला व्हायचा, लांब जायचा, कुठल्या तरी भिंतीला लागून परत यायचा. त्या उलट्या पावसासाठी त्यांना तीन आठवडे लागले. मी रोज बघत होतो.

"खरं सांगा, ह्ये म्युझिक हाय का न्हाई?"

"आहे. राग सांगता येत नाही, पण आहे."

"राग ऱ्हाऊ द्या. गाव सापडलं ना तुमाला?"

सापडलं होतं. म्हणूनच वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात मी त्यांना वीस मिनिटं दिली. माझे विद्यार्थी गाऊन झाले होते, लोक सतरंजीवर चुळबुळत होते. भाईंनी मिठाचं बंदर सुरू केलं आणि सभागृह गप्प झालं. संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, कुठं आहे हे? जायला पाहिजे एकदा!"

चाळीस वर्षं मी भूप शिकवला होता. माझा भूप ऐकून कुणी कुठे जायला निघालं नव्हतं.

एका पालकाने विचारलं, "गुरुजी, कसं वाजवतात हे?" माईक माझ्याच हातात होता. मी म्हणालो, "यात वाजवायचं काही नसतं हो. बटण दाबलं की यंत्र आपोआप वाजतं."

लोक हसले. "मग चहा पन करतं का बे ते?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि लोक आणखी हसले. भाईंचे हात अजून पट्ट्यांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं हसल्यासारखं केलं आणि वायरी गुंडाळायला घेतल्या.

त्यानंतर मोटार न्यायला येणारी माणसंसुद्धा म्हणू लागली, "भाई, दाबा की बटन!" महिनाभरात वाद्य माळ्यावर गेलं.

वर्षभर मी तो रस्ता ओलांडला नाही. मग एक दिवस घरी चार वेळा वाक्यं घोकून गेलो. मी तोंड उघडायच्या आत भाईच म्हणाले, "इतके दिवस कावून आले न्हाईत, गुरुजी? त्या दिवसाचं मनात ठिवू नका. तुमाला पेटीतलं कळतं, मशीनमधलं कसं कळनार? गैरसमज झाला तुमचा."

"हो," मी म्हणालो. "गैरसमजच झाला."

त्यांनी चहा सांगितला. मी प्यायलो. त्यानंतर दर आठवड्याला जात राहिलो आणि ते 'हो' तसंच राहिलं.

ते गेल्यावर भेटायला गेलो, तेव्हा दिंद्रुडला दिलेली त्यांची मुलगी आली होती. म्हणाली, "अब्बा नुसतं बटन दाबायचे, पन आयकायला लई चांगलं वाटायचं."

तिला मात्र मी तिथेच खरं सांगितलं. सगळं. मग तिने विचारलं, "ह्ये तुमी अब्बाला कावून न्हाई सांगितलं?"

सांगायचं होतं ते फार नव्हतं. भाई, गैरसमज नव्हता. ते तुम्ही वाजवत होता, हे मला माहीत होतं. मला हेवा वाटला आणि मी खोटं बोललो. मला माफ करा.