हौसाच्या बोटावरची राखुंडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, प्रार्थनेतही नाही — देवाला ठाऊक असेलच, पण शब्दांत मांडून त्याच्यापुढंही कधी ठेवलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं.

मी फारशी बोलत नाही. पुण्याला इंग्रजी शाळेत राहून शिकले आणि नगरला परतले, ती स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखी वावरू लागले. लढाईचे दिवस होते. स्टेशनजवळच्या मालधक्क्याच्या आडोशाला काही पोरी झोपत — पाथर्डीकडच्या, जामखेडकडच्या. कुणाचे आईबाप पटकीच्या साथीत गेलेले, कुणी सासरहून पळून आलेली. आमच्या मिशनच्या गोऱ्या मडमबाई त्यांना दिवसा आवारात आणून शिवण शिकवत, दुपारी भाकरी-कालवण देत. मडमबाईंना मराठी बेताचंच येई. पोरींचं म्हणणं इंग्रजीत त्यांच्यापर्यंत न्यायचं काम माझं.

त्या सगळ्या पोरी मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांवर घासत बसायचं. त्यांच्यातली हौसा सोळा-सतरा वर्षांची असेल. नक्की वय तिलाही ठाऊक नव्हतं. मिश्री लावली की भूक मरती, असं ती म्हणायची. यात लाजण्यासारखं काय, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

पावसाळ्याआधी मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात एक खाट रिकामी होणार होती. अट एकच — मिश्री सुटली पाहिजे. रोज सकाळी पोरी रांगेत उभ्या राहत, मडमबाई प्रत्येकीचं बोट बघत, तोंड उघडायला लावत. हौसाला ती खाट हवी होती. मालधक्क्यावर रात्री माणसं फिरत्यात, एवढंच ती म्हणाली. पुढचं मी विचारलं नाही.

तिनं आपली मिश्रीची डबी माझ्या हातात दिली. "फेका, बाई. माज्या हातानं फेकवंना."

मी ती फेकली नाही.

इथं थांबावंसं वाटतं — पण मग लिहायला बसलेच कशाला? डबी घरी नेली. वास घेतला. बोटानं दातांना लावली. गरगरलं, उलटी झाली, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लावली. आमच्या घरात चहासुद्धा जपून प्यायचा. वडील शाळेत मास्तर, रविवारी उपासनेत पवित्र शास्त्र वाचणारे. कुतूहल म्हणू? एकटेपणा म्हणू? काहीही म्हटलं तरी मी लावत राहिले.

आणि तिकडं हौसाची दैना. डोकं ठणकायचं, हात कापायचे, सुईत दोरा जाईना. पोरी चिडवायच्या, हौसा आता मडमीण हुनार, झगा घालनार. ती मलाच विचारायची, "तुमच्या देवाला मिश्रीचा वास येतो व्हय, बाई?" — आणि हसायची. तिचं रिकामं बोट सारखं तोंडाकडं जाई. ते बघून मीच चुलीतला कोळसा कुटून, मीठ घालून तिला राखुंडी करून दिली. दात घासायला ती आमच्याकडं घरोघर असते. बोटाला काही काम राहील, एवढाच विचार. आणि त्यावर ती तगली. खरंच तगली.

एक दिवस काजं करता करता ती हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या दातांच्या फटी काळ्या दिसत्यात. मिठानं घासा." बस्, एवढंच. तिला कळलं होतं.

खाट कुणाला द्यायची ते ज्या सकाळी ठरायचं होतं, त्या सकाळी ती बोट न धुता रांगेत आली. रात्र फार वाईट गेली असावी. मडमबाईंनी तिचं काळं बोट उचलून धरलं. त्यांच्या लेखी काळं ते काळंच.

"राखुंडी हाय," हौसा म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तुमीच सांगा, बाई. तुमाला ठावं हाय."

मडमबाईंनी मला पुढं बोलावलं. मी बोट हुंगलं. कोळसा आणि मीठ. दुसरं काहीही नाही.

एका वाक्याचं काम होतं. पण मग — तिनं सोडलेल्या मिश्रीची डबी कुठं गं गेली? असं कुणी विचारलं नव्हतं, कदाचित विचारणारही नव्हतं. मला मात्र तो प्रश्न वडिलांच्या आवाजात ऐकू आला. आणि मी इंग्रजीत म्हणाले, तंबाखूच आहे.

हौसा राखुंडी म्हणाली होती, ते मी मडमबाईंना सांगितलंच नाही.

हौसाला इंग्रजी कळत नव्हतं, पण मडमबाईंचा चेहरा कळला. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. ओठांकडं नाही — दातांकडं. माझ्या दातांकडं नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं; त्याला दुभाषी लागला नसता. मी तोंड मिटून घेतलं. तिनं बोट दाखवलं नाही.

खाट दुसरीला मिळाली. हौसाला आवारात यायची बंदी झाली. ती दुपारपर्यंत फाटकाशी उभी होती. मी येऊन सगळं नीट करीन अशा भरवशानं, दुसरं काय? मी मागच्या दारानं घरी गेले.

मला वास बरोबर कळतो म्हणून बोटं हुंगायचं काम पुढं माझ्याकडंच आलं. मी ते केलं. सकाळी मिठानं दात घासून जायची आणि पोरी पकडायची. त्या खऱ्या लावणाऱ्या होत्या. त्यांनाही बाहेर काढलं.

पावसाळ्यात एकदा पुण्याच्या गाडीसाठी स्टेशनवर गेले होते. हौसा मालधक्क्याच्या कडेला पोत्याला टेकून बसली होती. एक गाल सुजलेला, ओठ काळे. मला पाहून ती चिडली नाही. तिनं तळहातावर चिमूटभर मिश्री घेतली आणि हात पुढं केला — शेजारच्या बाईपुढं करावा तसा.

"घ्या, बाई. हितं कोन बघतंय."

"मी लावत नाही," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, हमालांना ऐकू जाईल इतक्या.

तिनं हात मागं घेतला. मिश्री सांडू नये म्हणून मूठ मिटली. गाडी आली, मी बायकांच्या डब्यात चढून बसले. त्यानंतर मी तिला शोधलं नाही.