दसऱ्याचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स

“त्यांना सांगा, परवा प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स आहे,” कारखान्याचे मॅनेजर जोशीसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

समोर जपानहून आलेले इंजिनिअर ओकुदा-सान पेन उघडून बसले होते. शेजारी फोरमन गायकवाड छताच्या पंख्याकडे बघत होते. परवा दसरा होता आणि त्या वर्षी खंडेनवमीही त्याच दिवशी आली होती. वाघोलीच्या पुढच्या त्या कारखान्यात खंडेनवमीला एकही मशीन चालत नाही. मशीनं धुतात, पुसतात, त्यांना हार घालतात. पाने, हातोडे, मापाची हत्यारं मांडून पूजा होते आणि पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नाही. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणजे मशीन बिघडायच्या आधीच केलेली देखभाल; पूजेलाही तेच म्हणतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी जपानीची दुभाषी. पुण्यात आम्ही काही दुर्मीळ नाही. कर्वेनगरात आमच्या सोसायटीतच जपानी येणारे इतके आहेत, की लिफ्टमध्ये जपानीत फोनवर बोलतानाही जपून बोलावं लागतं. काम सोपं असतं. एक जण बोलून थांबतो, मग मी ते दुसऱ्या भाषेत सांगते. नियमही एकच. जे बोललं गेलं ते जसंच्या तसं पोचवायचं. भर घालायची नाही, काही गाळायचं नाही. साहेब थाप मारत असले तर थापही नीट, व्याकरणशुद्ध पोचवायची. हे मला मनापासून कधीच पटलेलं नाही, पण पगार त्याचाच मिळतो.

मीटिंगच्या आधी जोशीसाहेबांनी मला बाजूला घेतलं होतं.

“दसऱ्याचं काही बोलायचं नाही. हे लोक मशीनला हळदकुंकू लावतात असं जपानपर्यंत गेलं तर काय म्हणतील?”

“पण साहेब, लावतात ना?”

“लावतात हो. सांगायचं कशाला?”

साहेबांची अडचण खरी होती. कारखान्यात नवा जपानी प्रेस बसला होता. प्रेस म्हणजे पत्र्याला दाबून गाडीचे भाग बनवणारं मशीन. त्याची अ‍ॅक्सेप्टन्स ट्रायल, म्हणजे शेवटची परीक्षा, बाकी होती. प्रेस सलग दोन दिवस, दोन रात्री चालायला हवा. मध्ये कुठल्याही कारणाने थांबला, तर पुन्हा पहिल्यापासून. पास झाला की ओकुदा-सान कागदावर शिक्का मारणार आणि मगच आमची मोठी ऑर्डर सुरू होणार. वेळापत्रक जपानमध्ये ठरलं होतं आणि ट्रायल नेमकी दसऱ्याला सकाळी सुरू होणार होती. जोशीसाहेबांनी त्याला फोनवर ‘ओके, ओके’ म्हणून टाकलं होतं. दसरा कधी आहे हे बघायला त्यांच्या केबिनमध्ये दोन कॅलेंडरं होती, पण ती भिंतीवर होती आणि साहेबांचं लक्ष लॅपटॉपमध्ये.

मेंटेनन्सच्या नावाखाली एक दिवस पुढे ढकललं तर ट्रायल संपणार होती ओकुदा-सानांच्या विमानाच्या दिवशी. म्हणजे प्रेस एकदा जरी अडला, तरी ते शिक्का न मारता जाणार. मग परत येणार ते नव्या वर्षात, आणि तोवर गिऱ्हाईक कोणासाठी थांबतंय? साहेबांनी डायरेक्टरांना शब्द देऊन ठेवला होता. त्यांची झोप उडाली होती हे डोळ्यांवरून दिसत होतं.

मी थाप पोचवली. ओकुदा-सानांचा चेहरा उजळला.

“ट्रायलच्या आधी मेंटेनन्स? उत्तम. मीही येतो. किती वाजता?”

साहेबांनी घाईघाईने लॅपटॉप मिटला. “त्यांना सांगा, कशाला त्रास? गाडी देतो, खडकवासला बघून या म्हणावं.”

“धरण कुठे जात नाही,” ओकुदा-सान म्हणाले. “चेकलिस्ट आहे ना?”

“आहे म्हणून सांगा.”

बाहेर आल्यावर गायकवाडांनी मला विचारलं, “ताई, चेकलिस्टमधी काय लिव्हायचं? नारळ पाच, झेंडू दहा किलो?”

“गायकवाड, तोंड आवरा,” साहेब म्हणाले.

दसऱ्याला सकाळी कारखान्यात जत्रा होती. माणसं नव्या शर्टात, बरोबर बायकामुलं, दाराशी रांगोळी. त्यात ओकुदा-सान आले ते करड्या युनिफॉर्ममध्ये. डोक्यावर हेल्मेट, कमरेला टॉर्च आणि हातात स्वतःचा टॉर्क रेंच. टॉर्क रेंच म्हणजे नट किती जोराने आवळला हे मोजणारा पाना. माणूस त्याला जिवापाड जपतो, उसना देत नाही. रांगोळीला वळसा घालून ते सरळ प्रेसकडे गेले.

आदल्या संध्याकाळी गायकवाडांच्या माणसांनी प्रेस लग्नातल्या तांब्यासारखा घासला होता. ओकुदा-सानांनी पांढरा हातमोजा घातला आणि बेडवरून, म्हणजे पत्रा ठेवायच्या सपाट भागावरून, बोट फिरवलं. मोजा पांढराच राहिला. त्यांनी पुन्हा फिरवलं.

“आमच्याकडे शिकवतात, साफसफाई म्हणजेच तपासणी,” ते म्हणाले. “इथे सांगावं लागत नाही असं दिसतं.”

साहेबांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

मग ओकुदा-सानांना टिळे दिसले. गायकवाडांनी पहाटेच येऊन प्रेसच्या प्रत्येक भागावर ओल्या कुंकवाचं बोट लावलं होतं. मोटरवर, पंपावर, पाइपांच्या प्रत्येक जोडावर. हात आखडता घेणारा माणूस नव्हे तो. ओकुदा-सान एकेका टिळ्यापाशी वाकले, टॉर्च मारला आणि मान डोलावली.

“प्रत्येक जागा तपासून खूण केली आहे. फार छान. आम्ही पांढरा रंग वापरतो.”

इथे जरा समजावून सांगायला हवं. जपानी कारखान्यात नट आवळून तपासला की त्यावर रंगाची एक रेघ ओढतात. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, हा बघून झाला. ओकुदा-सानांना कुंकू दिसलंच नव्हतं. त्यांना इन्स्पेक्शन दिसत होतं.

“हो, हो म्हणून सांगा,” साहेब म्हणाले.

मी ‘हो’ दोनदा सांगितलं.

पूजेची वेळ झाली. टेबलावर पांढरं कापड अंथरून हत्यारं मांडली होती. गायकवाड ओकुदा-सानांच्या हाताकडे बघत म्हणाले, “ताई, पाव्हण्यांचा पाना बी द्या म्हणावं. तो एकटाच बाहेर ऱ्हायला तर बरं दिसत न्हाई.”

मी सांगितलं. ओकुदा-सानांनी पाना रुमालाने पुसला आणि दोन्ही हातांनी गायकवाडांना दिला. त्याच्यावरही हळदकुंकू पडलं, झेंडूचं फूल बसलं. आरतीला ते टाळ्या वाजवत होते, इतरांपेक्षा किंचित मागे. हे मेंटेनन्स नाही हे एव्हाना त्यांना कळलं असावं असा मला संशय होता. पण ते काही बोलले नाहीत आणि न बोललेल्याचं भाषांतर मी करत नाही.

प्रसादाचा पेढा खाऊन ते पुन्हा टॉर्च घेऊन प्रेसभोवती फिरायला लागले. मागच्या बाजूला थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी मला हाक मारली.

“सगळ्या खुणा सुकल्या आहेत. ही एक ओली आहे.”

गायकवाड वाकले, साहेब वाकले, मीही वाकले. एका पाइपाच्या जोडावरचा टिळा काळपट पडला होता आणि त्याच्यातून एक बारीक लाल ओघळ खाली आला होता. साहेबांनी तो बोटावर घेऊन चोळला. पाणी नव्हतं, तेल होतं. हा प्रेस तेलाच्या दाबावर चालतो. ते तेल जोडातून अगदी बारीक झिरपत होतं. मशीन बंद असताना एवढं, तर पूर्ण दाबाने दोन दिवस चालल्यावर जोड सुटलाच असता आणि ट्रायल पहिल्या रात्रीच झोपली असती. लख्ख पुसलेल्या लोखंडावर स्वच्छ तेलाचा तो थेंब कोणाला दिसला नसता. कुंकवाने तो दाखवला. बारीक भेगा शोधायला याच तत्त्वावर लाल रंगाचा महागडा स्प्रे विकत मिळतो, हे मला नंतर साहेबांनीच सांगितलं.

ओकुदा-सान उभे राहिले. “ही खूण कोणी केली?”

साहेबांनी तोंड उघडलं, पण गायकवाड आधी बोलले.

“म्याच केली. पण ती तपासणीची खूण न्हाई साहेब, कुंकू हाय. आज दसरा हाय. मशीनची पूजा असती आमच्यात. मेंटेनन्स-बिंटेनन्स काय न्हाई.”

जोशीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मी जसंच्या तसं सांगितलं. ‘बिंटेनन्स’ला तेवढा जपानीत शब्द सापडला नाही.

ओकुदा-सानांनी वाकून त्या टिळ्यावर पुन्हा टॉर्च मारला. थाप उघडी पडली होती आणि शिक्का ओकुदा-सानांच्याच खिशात होता.

“मग तुमचा इन्स्पेक्टर आमच्यापेक्षा चांगला आहे,” ते म्हणाले.

साहेब इतक्या मोठ्याने हसले की पूजेतली लहान मुलं दचकून बघायला लागली. लगेच त्यांना ऑर्डर आठवली.

“गायकवाड, काढा पाने. आत्ताच सील बदलून टाकू.” सील म्हणजे जोडातली रबरी चकती.

“आज हत्याराला हात न्हाई साहेब.”

“अहो, ऑर्डर जाईल!”

“उद्या उजाडायच्या आत येतो. आज न्हाई.”

“मग ओकुदा-सानांचा पाना घ्या!”

सगळ्यांनी टेबलाकडे बघितलं. तो पाना झेंडूच्या फुलाखाली आमच्या पान्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. मी सगळा संवाद ओकुदा-सानांना सांगितला. त्यांनी हेल्मेट काढून काखेत घेतलं.

“तो आज सुट्टीवर आहे,” ते म्हणाले. “आणि मला भूक लागली आहे.”

मग पंगत बसली. श्रीखंड-पुरी. ओकुदा-सानांना खूप प्रश्न होते आणि मला घास घ्यायला फुरसत नव्हती. सणाची तारीख दर वर्षी बदलते, मग ऑर्डरचं वेळापत्रक कसं करता? साहेब ताटात बघायला लागले. सुट्टी असून माणसं घरी का बसत नाहीत, उलट बायकामुलांना घेऊन कारखान्यात का येतात? “घर तर रोजचंच हाय,” गायकवाड म्हणाले. “आम्ही कमावतो कुठं, हे पोरांनी कधी बघायचं?” मग ओकुदा-सानांनी आपल्याकडचं सांगितलं. त्यांच्याकडचा मोठा सण नव्या वर्षाचा, तारीख पक्की, आणि सगळं शांत. घर घासून पुसून घ्यायचं, शेवया खायच्या, देवळातली घंटा ऐकायची. “स्पीकर?” गायकवाडांनी विचारलं. “नाही.” गायकवाडांना त्यांची दया आली. निघताना सगळ्यांनी त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि हे सोनं आहे असं सांगितलं. ते विमानतळावर दाखवावं लागेल का, असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गायकवाड हजर होते. उत्तरपूजा झाली, सील बदललं, ओकुदा-सानांनी आपल्या पान्याने जोड आवळला आणि त्यावर पांढरी रेघ ओढली. गायकवाडांनी शेजारी कुंकवाचं बोट लावलं. प्रेस दोन दिवस, दोन रात्री एकदाही अडला नाही. शिक्का शेवटी विमानतळाच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मारला गेला. साहेबांनी तो कागद छातीशी धरला, ते बघून मलाही भरून आलं.

डिसेंबरअखेर साहेब आणि गायकवाड ट्रेनिंगला जपानला गेले, बरोबर मी. ओकुदा-सानांच्या कारखान्यातला तो वर्षातला शेवटचा दिवस होता. आत गेलो तर सगळी मशीनं बंद, घासून लख्ख, आणि प्रत्येक मशीनवर तांदळाचे दोन पांढरेशुभ्र गोल गोळे एकावर एक, वर पानासकट एक संत्रं. वर गवताच्या दोराचं तोरण.

“आयला, ह्यो तर निवद हाय,” गायकवाड म्हणाले.

साहेबांनी ओकुदा-सानांना विचारलं, “हे काय?”

ओकुदा-सानांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

“प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स.”

जोशीसाहेब जातिवंत पुणेकर. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मला म्हणाले, “विचारा त्यांना, चेकलिस्ट बघायला मिळेल का?”

सण लपवायचाच असेल तर मेंटेनन्सच्या नावाखाली तरी लपवू नये, जपानी माणूस पाना घेऊन येतो, एवढं मी या प्रकरणातून शिकले. बाकी धंद्याचा नियम तोच. साहेबांचा प्रश्न मी शब्द न शब्द, जसाच्या तसा पोचवला, आणि नोकरीत पहिल्यांदाच वाटलं की याचे पैसे नाही मिळाले तरी चालतील.