सोफेवालीने हलवलेलं दुकान

सोफेवालीचा भाऊ तुरुंगातून सुटला तेव्हा तिने त्याला दुकानामागची खोली दिली, आणि पहिल्याच दिवशी ठणकावलं, "तू त्या मुलीचं वाटोळं केलंस. माझा राग गेलेला नाही. पण राहायचं इथेच, माझ्या डोळ्यांसमोर."

तो राहिला. जुन्या सोफ्यांचे खिळे उपसायचा, स्प्रिंगा बांधायचा, आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे जायचा. मान खाली घालून का होईना, माणसात आला होता.

मग समोरच्या इमारतीत पाळणाघर उघडलं. मुलांवर अत्याचार केलेल्या गुन्हेगाराने मुलांच्या जागेजवळ राहायचं नाही, असा तिथला कायदा. पोलीस अधिकाऱ्याने खोली सोडायला लावली. शहरात जिथे खोली मिळेल तिथे जवळपास शाळा नाहीतर बाग. शेवटी तो आपल्या जुन्या गाडीत झोपू लागला, आज या पेट्रोलपंपाजवळ, उद्या त्या पुलाखाली. कामावर येणं थांबलं, मग समुपदेशकाकडे जाणंही. फोनवर नुसतं "हं, हं" करायचा.

सोफेवालीने तडक चौकी गाठली.

"साहेब, माझा भाऊ आत्ता कुठे आहे?"

अधिकारी गडबडला. "तुम्हाला माहीत असेल."

"खोलीत होता तेव्हा मला माहीत होतं, तुम्हालाही होतं. आता दोघांनाही नाही. यात कुठलं मूल सुरक्षित झालं, सांगा!"

"बाई, नियम मी केलेला नाही."

"मग नियमात बसणारी जागा तरी दाखवा."

त्याने नकाशावर बोट ठेवलं. शहराबाहेर, खडीच्या खाणीपलीकडे, बंद पडलेली गोदामं होती.

तिने तिथलं एक गोदाम घेतलं आणि शिलाई मशीनसकट सगळं बिऱ्हाड हलवलं. फोन करून बोलावलेला भाऊ दारातच अडला. "ताई, माझ्यापायी तू बुडशील."

"बुडायचं की पोहायचं ते मी ठरवीन. तू सोफ्याचं ते टोक उचल."

निम्मी गिऱ्हाइकं तुटली. कुणीतरी शटरवर काळ्या रंगात नको ते लिहून गेलं. भाऊ पुसायला धावला, तर तिने अडवलं. "राहू दे. वाचणाऱ्याला वाचू दे. आपण कुठे लपून बसलोय?"

समुपदेशकाकडे आता ती स्वतःच त्याला टेम्पोने घेऊन जाते. तासभर बाहेर बसते, मांडीवर उशीची खोळ शिवत. एकदा शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "कोण आत आहे?"

"माझा भाऊ," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.