गाडी चावून बघणारे हवालदार

विकत घेण्याआधी मोटार चावून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापाशी होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ दातांत घट्ट धरायची, डोळे मिटायचे आणि पाच-सात मिनिटं तसंच ओणवं राहायचं. गाडीचा मालक आधी हसायचा, मग चुळबुळायचा आणि शेवटी कुणी न विचारताच गाडीच्या खोडी सांगायला लागायचा.

पाटणात त्यांना सगळे इटली हवालदार म्हणत. मोठ्या लढाईत ते पलटणीचे ट्रक हाकत इटलीभर फिरले होते. आपल्या भागात लढाईवर जाऊन आलेली माणसं घरटी सापडतील, पण हवालदारांनी तिथून मोटारींची विद्या आणली. शिवाय ‘पियानो, पियानो’ हे दोन शब्द आणले. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सावकाश, सावकाश’. मी घाटात गाडी जोरात घेतली की डॅशबोर्डवर बोटं वाजवून ते ‘पियानो’ म्हणायचे, आणि मला भातखाचरांच्या कडेनं चालणाऱ्या त्या इटालियन शब्दाचं हसू यायचं.

मी पाटणला दवाखाना टाकला तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. भूकंपानंतर पत्र्याची झालेली घरं अजून तशीच होती, आणि कोयनानगरच्या बाजूच्या वाड्यांमधून अडलेल्या बाया डोलीत घालून आणल्या जायच्या. काही वेळेवर पोचायच्या, काही नाही. त्या पावसाळ्यात दोन पोचल्या नाहीत. तेव्हा मी ठरवलं, की आता बाईनं माझ्याकडे यायचं नाही, मीच तिच्याकडे जायचं. त्यासाठी गाडी हवी होती आणि मला परवडणार होती ती वापरलेलीच. पाटणात वापरलेली गाडी घ्यायची तर हवालदारांना बरोबर नेल्याशिवाय घेत नसत. बैल घ्यायला जाणकार नेतात, तसंच.

हवालदारांना इटलीचीच गाडी माहीत होती. तिच्या कंपनीचं नाव ते घेत नसत. ‘इटलीची’ म्हणायचे. आपल्याकडे तिचे जे प्रकार निघाले त्यांची तुलना ते दवाखान्याच्या ओट्यावर बसून मला ऐकवत.

“डुक्कर म्हंजी सासू,” ते सांगायचे. डुक्कर हे जुन्या, गोल पाठीच्या गाडीचं लोकांनी पाडलेलं नाव. “दारं उलटी उघडत्यात, दिसायला बी बेताचीच. पर घर तीच राखती. शिलेक्ट म्हंजी धाकला दीर. मागं पंख काय, चकचकीत पट्ट्या काय! पोशाख लय, आन् कामाला हाक मारली की घाटात बसतुय. डिलाइट म्हंजी थोरली सून. तिच्याबद्दल बोलण्यासारकं काय न्हाई, म्हून तिच्याबद्दल कोन बोलत बी न्हाई.”

“मग मी काय घेऊ?”

“थोरली सून घावली तर दुसरं बघू नगा.”

पण या तिघींच्याही वर एक होती, आणि तिची ते कशाशीच तुलना करत नसत. इटलीत एका गावाच्या चौकात त्यांनी ती उभी पाहिली होती. दोनच दारं, उतरतं छप्पर, मागं बसायला जवळजवळ जागाच नाही. पलटण तिथं दोन दिवस थांबली आणि हवालदार दोन्ही दिवस जेवणाची सुट्टी त्या गाडीसमोर उभे राहून घालवत होते. “निस्ती नवरा-बायकुची गाडी, बाई,” एवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे. एरवी ते पाच वाक्यांत चार शिव्या घालणारे गृहस्थ होते.

त्यांच्या काही सवयी मला तेव्हा नुसत्या लष्करी वाटायच्या. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ते एकटक पाहायचे. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. लोक म्हणायचे, हवालदाराला अजून मिजास आहे. मलाही तसंच वाटे. एकदा हिरड्या सुजल्या म्हणून ते माझ्याकडे आले. तोंड उघडायला लावलं तर एकही दात धड नव्हता, सगळीकडे पू. मी त्यांना दरडावलं, की हे विष पोटात जातंय, सगळे काढून टाका. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. “चार तरी ठिवा की,” म्हणाले. मी ऐकलं नाही. कराडच्या दातांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. महिन्याभरात हवालदार नवी कवळी घालून आले आणि मला माझ्या कामाचं समाधान वाटलं.

त्यानंतर पंधरवड्यानं आम्ही गाडी बघायला निघालो. आधी साताऱ्याला एका वकिलांची डुक्कर पाहिली. हवालदारांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि सरळ चालू लागले. इंजिन गरम होतं. “आमी येयाच्या आदी चालवून ठिवलिया. थंड गाडी खरं बोलती, तापल्याली गोड बोलती.”

मग सांगलीला गेलो. हळदीचे एक मोठे व्यापारी होते, त्यांची डिलाइट विकायची होती. गोडाऊनच्या आवारात सगळीकडे हळदीची पिवळी धूळ. डिलाइट शेडमध्ये उभी होती आणि तिच्या शेजारी कापडाखाली आणखी एक. “ती आमच्या चिरंजिवांची,” व्यापारी म्हणाले. “परदेशातून ही जुनी गाडी हौसेनं आणली आणि ते परत तिकडेच गेले. तीही द्यायचीय. हिच्याच भावात देतो, कुणी घेतच नाही.” त्यांनी कापड ओढलं.

दोन दारं, उतरतं छप्पर.

हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढली. पायातल्या वहाणाही काढल्या असत्या, असं मला क्षणभर वाटलं. ते तिच्याभोवती फिरले, हात मात्र लावला नाही. खरं सांगायचं तर मीही हरखले होते. तिशीच्या आतली, एकटी, कमावती बाई होते मी. मला ती गाडी हवी होती.

त्यांनी दोन्ही गाड्यांचे बॉनेट तपासले. दोन्ही थंड. आधी डिलाइट चावली, मग दोन दारांची. दोन दारांचीला खूप वेळ लावला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांच्या रिवाजाप्रमाणे आम्ही चाळीस पावलं दूर गेलो. बैलबाजारात जनावराच्या तोंडावर त्याची खोड काढत नाहीत, बाजूला जाऊन बोलतात. हवालदार तोच मान मोटारीला द्यायचे. चिंचेखाली उभं राहून ते म्हणाले, “थोरली सून घ्या. दोन दाराची नगो.”

“इंजिन वाईट आहे तिचं?”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. “बाळंतिनीला कुठनं घालनार तुमी त्यात?”

हे बिनतोड होतं. मी डिलाइट घेतली.

तिसऱ्या आठवड्यात कोयनानगरच्या अलीकडच्या एका वाडीवरून बोलावणं आलं. दुपारची वेळ. पहिलटकरीण आणि तिची सासू मागच्या सीटवर, हवालदार माझ्या शेजारी. रस्ता अंगवळणी पडेपर्यंत ते माझ्याबरोबर येत होते. बाईला कराडला न्यायचं होतं. पहिल्याच चढाला इंजिनातून ठकठक सुरू झाली. मी म्हटलं, “हवालदार, हे काय वाजतंय?” ते खिडकीतून नदी पाहत होते. मला वाटलं, माझ्या चालवण्यावर रुसलेत. ठकठक वाढली. मागून सासू ओरडली, “आवं, गाडीत कोन ठोकतंय?” हवालदार नदीच पाहत होते. पुढच्या वळणावर इंजिनानं एक मोठा दणका दिला आणि गाडी बंद पडली. तेव्हा कुठे त्यांनी वळून आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

मूल मागच्या सीटवरच झालं. मुलगी, रडकी आणि ठणठणीत. थोरल्या सुनेची सीट रुंद होती, म्हणून ते जमलं. सगळं आवरून मी बाहेर आले, तर हवालदार गाडीकडे पाठ करून मैलाच्या दगडावर बसले होते. मी मागून तीनदा हाक मारली. मग जवळ जाऊन त्यांच्या डोक्यामागे जोरात टाळी वाजवली. त्यांची मानही हलली नाही. मी डॉक्टर होते. या माणसाचं तोंड मी चांगलं बॅटरी लावून तपासलं होतं, कान एकदाही पाहिले नव्हते.

समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश विचारलं, “कधीपासून?”

“इटलीपास्नं. ट्रकाशेजारी गोळा फुटला. कानातनं रगात आलं.” ते खाली बघून म्हणाले. “मानसाचं तोंड वाचाय येतं मला. गाडीला तोंड नसतं, म्हून दातानं ऐकायचो. डोक्यात समदं लख्ख वाजायचं. ह्या कवळीतनं काय बी येत न्हाई.”

म्हणजे त्यांचे कान मीच उपटायला लावले होते. ‘चार तरी ठेवा’ असं ते म्हणाले होते, आणि मी त्यांना दरडावलं होतं. त्या दगडापाशी मला जी शरम वाटली ती आजही पुरती गेलेली नाही.

“मग सांगलीत काहीच ऐकू आलं नाही?”

“दोनी गाड्या मुक्या हुत्या, बाई. सांगाय जीभ रेटली न्हाई. तीस वरसं लोक माज्या दातावं इस्वास ठिवत्यात. दोन दाराची माज्या मनातली. तिच्याबद्दल मन चांगलंच बोलनार, म्हून तिला नको म्हनून टाकलं.”

दुसऱ्या दिवशी ते हत्यारं घेऊन माझ्या अंगणात आले आणि बैलांनी ओढून आणलेल्या डिलाइटचं इंजिन अकरा दिवस उघडून बसले. झिजलेलं बेअरिंग बदललं, बाकीचं सगळं बोटांनी चाचपून जागेवर बसवलं. जेवायला हाक मारायची तर मी समोर जाऊन उभी राहायची. या अकरा दिवसांत त्यांनी एकही शिवी दिली नाही, हे मला फार लागलं.

शेवटच्या दिवशी मी त्यांचे कान तपासले. पडदे दोन्ही फाटलेले, पण आतली नस शाबूत वाटत होती. वैद्यकीच्या पहिल्या वर्षांत शिकवलेली गोष्ट मला तेव्हा आठवली. ट्यूनिंग फोर्क नावाचा एक पोलादी चिमटा असतो. तो वाजवून मी त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवला. हवालदार खुर्चीतून उठून उभेच राहिले. मी त्यांना अंगणात नेलं, इंजिन सुरू केलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर ठेवलं आणि मूठ त्याच हाडावर दाबली.

“दातावानी न्हाई,” बऱ्याच वेळानं ते म्हणाले. “पल्याडच्या वाडीत भजन चालल्यावानी येतंय. पर येतंय.” आणि अकरा दिवसांची एक साठवलेली शिवी त्यांनी मोकळी केली.

मला वाटलं, आता ते खूश होऊन घरी जातील. ते जाईनात. ओट्यावर बसून राहिले आणि म्हणाले, “सांगलीला जाया पायजे. तिला न ऐकताच नाव ठिवलं मी.”

हवालदार त्यानंतर चार वर्षं होते. गाड्या बघायला जात राहिले, आणि ‘हवालदार आता गाडीला चावत नाहीत, कान देतात’ एवढाच फरक लोकांना कळला. शेवटच्या दुखण्यात मी त्यांना डिलाइटच्याच मागच्या सीटवर घालून कराडला नेलं. वाटेत मी गाडी जोरात घेतली तेव्हा मागून दारावर बोटं वाजली. तिथून ते परत आले नाहीत. त्यांच्या मुलानं आणून दिलेला स्क्रूड्रायव्हर माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुठीवर दातांचे खोल ठसे आहेत. पण हवालदार म्हटलं की मला सांगलीच्या त्या दुसऱ्या खेपेचा दिवस आठवतो.

व्यापाऱ्यांनी पुन्हा कापड ओढलं. हवालदारांनी बॉनेटवर तळहात ठेवला. थंड. इंजिन सुरू झालं. ते वाकले, मूठ कानामागे दाबली, डोळे मिटले. मी घड्याळात पाहिलं नाही, पण माझ्या चपलांवर हळदीची धूळ साचेपर्यंत ते तसेच होते. मग उठले आणि चिंचेकडे चालू लागले. चाळीस पावलं झाल्यावर वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता तीस वर्षांचं कौतुक बाहेर पडणार.

“येक वाल्व कुरकुरतुय, बाई,” ते म्हणाले. “आन् चेन ढिली हाय.”

“म्हणजे घेतली नाही ते बरंच झालं?”

“व्हय. तवा भिऊन नको म्हनलो हुतो. आता ऐकून नको म्हनतो.”

मग ते चाळीस पावलं परत चालत गेले, तिच्या बॉनेटवर एकदा हात फिरवला आणि तिचं कापड चारी बाजूंनी स्वतः नीट ओढून आले.